पोकर ऍप निवडताय? आधी पैसे बाहेर कसे पडतात ते बघा

काही वर्षं मी एका ऑनलाइन पोकर कंपनीच्या विड्रॉल विभागात काम केलं. खेळाडूने 'पैसे काढा' हे बटण दाबलं की ती विनंती ज्या स्क्रीनवर येऊन पडते, त्या स्क्रीनसमोर मी बसायचे. त्यामुळे 'चांगलं पोकर ऍप कुठलं गं?' असं कुणी विचारलं की टेबलांचे रंग, अवतार, वेलकम बोनस यातलं काही माझ्या डोक्यात येत नाही. डोळ्यांसमोर येतो तो 'पेंडिंग'चा रकाना. पैसे आत घेताना कुठल्याही ऍपचं काही अडत नाही. मध्यरात्री, सुट्टीच्या दिवशीही ते सेकंदात होतं. परत द्यायची वेळ आली की खरं रूप दिसतं.

त्याआधी एक प्रश्न निकालात काढा. तुम्ही राहता तिथे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं कायद्याने चालतं का? उपदेश म्हणून नाही, निव्वळ व्यवहार म्हणून विचारतेय. भारतात २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, लोकांना पुरवायला, त्यांची जाहिरात करायला आणि बँकांनी त्यांचे व्यवहार हाताळायला त्याने मनाई केली. तेव्हा भारतातल्या माणसाला 'रिअल कॅश पोकर' म्हणून साद घालणाऱ्या ऍपांमध्ये बरं कुठलं आणि वाईट कुठलं, हे निवडत बसण्यात अर्थ नाही. तिथे तपासायला परवानाच नाही, आणि पैसे अडकले तर दाद मागायला दारही नाही. पुढचं सगळं आहे ते परवाना देणारी यंत्रणा जिथे आहे तिथल्यांसाठी: ब्रिटन, माल्टा, अमेरिकेतली न्यू जर्सी, नेवाडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशी मोजकी राज्यं, वगैरे. 'व्हीपीएन (आपण कुठून जोडलो आहोत ते लपवणारी सोय) लावून खेळ, काही होत नाही' असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. होतं ते असं: हरताना कुणी काही विचारत नाही, मोठी रक्कम जिंकून काढायला गेलात की लॉगिन कुठून झालं हे तपासलं जातं, आणि अटींमधलं एक कलम दाखवून शिल्लक जप्त होते. आमच्याकडे त्यासाठी वेगळा फॉर्म होता.

परवाना: चित्र नको, नोंद बघा

बहुतेक साइटच्या तळाशी परवान्याचं बोधचिन्ह असतं. ते चित्र आहे, कुणीही चिकटवू शकतं. त्यावर क्लिक करून उघडणारं पानही साइटवाल्यानेच बनवलेलं असू शकतं. म्हणून उलट्या बाजूने जा. नियामकाची वेबसाइट स्वतः शोधून उघडा आणि तिथल्या नोंदवहीत कंपनी शोधा. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनची आणि माल्टा गेमिंग ऑथॉरिटीची अशी नोंदवही कुणालाही बघता येते. ब्रिटनच्या नोंदीत कंपनीचं कायदेशीर नाव, ती वापरत असलेली व्यापारी नावं, वेबसाइटचे पत्ते आणि तिच्यावर झालेली कारवाई हे सगळं मिळतं.

आता ऍपच्या अटींचं पान उघडा. अगदी वर किंवा अगदी खाली 'हा करार तुम्ही आणि अमुक लिमिटेड यांच्यात आहे' असं वाक्य असतं. ते नाव आणि नोंदवहीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का? लिमिटेडच्या जागी होल्डिंग्ज असेल तर ती वेगळी कंपनी आहे. परवाना बहिणीच्या नावावर आणि करार भावाशी, हा प्रकार मी पाहिलाय.

सगळे परवाने सारख्या वजनाचे नसतात. कुराकाओ या कॅरिबियन बेटाचा परवाना वर्षानुवर्षं 'मास्टर' परवानाधारकांकडून उपपरवान्याच्या रूपात मिळायचा. मूळ सरकारी यंत्रणेचा खेळाडूशी संबंध जवळजवळ येत नसे. तिथे २०२४ च्या डिसेंबरमध्ये नवा कायदा लागू झाला आणि ती पद्धत मोडीत निघाली. पण एखादं ऍप आजही जुना उपपरवाना क्रमांक मिरवत असेल, तर तेवढ्यावरच मी ते बंद करेन.

खेळाडूंचे पैसे कुठे ठेवलेत

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. परवाना असूनही पैसे बुडू शकतात, याचं मोठं उदाहरण पोकरच्याच इतिहासात आहे. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ऍब्सोल्यूट पोकर यांच्यावर खटला भरून त्यांचे डोमेन ताब्यात घेतले. पोकरच्या जगात त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. तिन्ही कंपन्यांवर एकाच दिवशी एकच आघात झाला, पण पुढे काय झालं बघा. पोकरस्टार्सने अमेरिकेतल्या खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांतच परत करायला सुरुवात केली, कारण ते वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. मालकांना मात्र कोट्यवधी डॉलर वाटले गेले होते. फुल टिल्टकडे ऑल्डर्नी बेटाचा रीतसर परवाना होता. तो निलंबित झाला जूनच्या अखेरीस, म्हणजे घोडं पळून गेल्यावर. फुल टिल्टच्या अमेरिकी खेळाडूंच्या हातात पैसे पडू लागले ते २०१४ मध्ये. ऍब्सोल्यूट पोकरवाल्यांना तर भरपाईचा अर्ज करायची संधीच मिळाली २०१७ मध्ये.

तिन्हींच्या ऍपमध्ये त्याआधी शिल्लक सारखीच दिसत होती. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे कंपनीने तुम्हाला देणं असलेली रक्कम. तेवढे पैसे कुठेतरी खरोखर बाजूला ठेवलेले आहेत की नाहीत, हे तो आकडा सांगत नाही.

म्हणून कंपनीला थेट विचारा: खेळाडूंचा पैसा कंपनीच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळा ठेवता का? आणि कंपनी दिवाळखोर झाली तर तो धनकोंच्या हाती जातो की आमच्या? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि कस्टमर सपोर्टची मंडळी पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा गिळतात. नुसतं वेगळं खातं असलं तरी दिवाळखोरीत ते कंपनीचीच मालमत्ता धरलं जाऊ शकतं. ट्रस्टमध्ये किंवा विम्याच्या संरक्षणात असेल तर गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये तर कंपनीला आपल्या अटींमध्येच लिहावं लागतं की ग्राहकांचा पैसा 'संरक्षित नाही', 'मध्यम' की 'उच्च' संरक्षणात आहे. मोठमोठी नावं 'संरक्षित नाही' असं बिनदिक्कत लिहितात, आणि ते नियमाला धरूनच असतं. कुणी वाचत नाही म्हणून चालून जातं.

सपोर्टला हे विचारल्यावर 'तुमचे पैसे १०० टक्के सुरक्षित आहेत सर, निश्चिंत राहा' असं उत्तर आलं (मी बाई असूनही मला सर म्हणतात), तर समजा की उत्तर मिळालेलं नाही. कलम क्रमांक आणि दुवा देणारा माणूस भेटला तर पुढे जा.

विड्रॉलची रंगीत तालीम

खात्यात पहिल्यांदा पैसे भराल तेव्हा किमान मर्यादेइतकेच भरा, बोनस घेऊ नका. सगळ्यात लहान ब्लाइंडच्या (म्हणजे सक्तीच्या सुरुवातीच्या पैजेच्या) टेबलावर थोडे हात, म्हणजे डाव, खेळा आणि निम्मी शिल्लक काढायला टाका. काहीच न खेळता लगेच काढायला गेलात तर मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे शंका घेतली जाते, आणि त्यात कंपनीचं चुकत नाही. विनंती केल्याची वेळ, 'मंजूर' झाल्याची वेळ आणि बँकेत जमा झाल्याची वेळ, तिन्ही लिहून ठेवा. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर कंपनीच्या हातात असतं, पुढचं बँकेच्या. उशीर झाल्यावर सपोर्ट नेहमी बँकेकडे बोट दाखवतो. तुमच्याकडे वेळा असतील तर खरं-खोटं तुम्हालाच कळेल.

या तालमीत तीन गोष्टी बारकाईने बघा.

एक, ओळखपत्र कधी मागितलं. ब्रिटनमध्ये २०१९ पासून नियम आहे की नाव, पत्ता, जन्मतारीख यांची खातरजमा खेळायला देण्याआधीच करायची. पैसे काढताना पहिल्यांदा कागद मागून अडवायचं नाही. तुमच्या भागात असा नियम नसला तरी कसोटी म्हणून वापरा. भरताना काही न विचारणारं आणि काढताना ओळखपत्र, मग वीजबिल, मग हातात ओळखपत्र धरून सेल्फी, मग 'फोटो अस्पष्ट आहे' असे एकेक करून हप्ते मागणारं ऍप वेळ काढतंय. आमच्याकडे मोठ्या रकमांच्या बाबतीत कागद एकदम मागू नका, एकेक मागा, अशी तोंडी सूचना असायची. लेखी कधीच नाही.

दोन, विनंती 'पेंडिंग' असताना शेजारी 'रद्द करा, टेबलावर परत जा' असं ठळक बटण आहे का. धंद्यात याला रिव्हर्स विड्रॉल म्हणतात. पैसे जितका वेळ पेंडिंग तितकी माणूस कंटाळून परत खेळायला लागण्याची शक्यता जास्त, हे हिशोब मांडून ठरवलेलं असतं. ब्रिटनच्या नियामकाने २०२१ मध्ये हा पर्याय देणं कायमचं बंद केलं. जे ऍप हे बटण ठळक दाखवतं आणि 'आता ही रक्कम कुलूपबंद करा' हा पर्याय देत नाही, ते तुमच्या घाईवर जगतं.

तीन, पैसे कुणाच्या नावाने आले. जमा झालेल्या नोंदीत कंपनीचं किंवा ओळखीच्या पेमेंट कंपनीचं नाव हवं. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खात्यातून आले, किंवा भरतानाच 'या नंबरवर पाठवा आणि स्क्रीनशॉट टाका' असं सांगितलं, तर विषय संपला. ते पैसे कुणाचे आहेत तुम्हाला ठाऊक नाही, आणि उद्या चौकशी झाली तर खातं तुमचं गोठेल.

छोटी रक्कम आली म्हणून हुरळून जायचं नाही. फसवणारी ऍपंसुद्धा पहिला छोटा विड्रॉल झटक्यात देतात. थोड्या दिवसांनी दुसरी, जराशी मोठी रक्कम काढून बघा. आणि अटींच्या पानावर आठवड्याला किंवा महिन्याला जास्तीत जास्त किती काढता येतात तो आकडा शोधा. भरायला मर्यादा लाखाची आणि काढायला हजारांची, असं आढळेल.

पत्ते पिसले जातात का, आणि ते कोण बघतं

'ऍप पत्ते लावतं' ही तक्रार मी रोज ऐकायचे. शंभरातले नव्याण्णव तक्रारदार नुसते वाईट हरलेले असायचे. कंपनी पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, आपला रेक (ठरलेला हिस्सा) कापते. कोण जिंकलं याने तिला फरक पडत नाही. पण संशय निराधार आहे असंही नाही.

१९९९ मध्ये प्लॅनेट पोकर या साइटच्या पत्ते पिसण्याच्या प्रोग्रामचा कोड, आम्ही किती सचोटीचे आहोत हे दाखवायला, जाहीर करण्यात आला होता. सुरक्षातज्ज्ञांच्या एका गटाने तो वाचला आणि डोक्याला हात लावला. ५२ पत्ते लावायच्या शक्यता म्हणजे ८ वर ६७ शून्यं. पत्त्यांचा क्रम ज्यावरून ठरतो तो सुरुवातीचा आकडा हा प्रोग्राम घेत होता मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून, म्हणजे दिवसभरात फक्त ८ कोटी ६४ लाख शक्यता. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरल्या सुमारे २ लाख. हातातले दोन आणि फ्लॉपचे (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले) तीन पत्ते भरले की बाकीचा सगळा डाव स्क्रीनवर दिसायचा.

आज परवानाधारक साइटचा पिसणारा प्रोग्राम जीएलआय, आयटेक लॅब्स, बीएमएम, ईकोग्रा अशा प्रयोगशाळेकडून तपासलेला असतो. प्रमाणपत्र उघडून तारीख आणि कंपनीचं नाव बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मात्र ते प्रमाणपत्र पिसण्यापुरतंच बोलतं. तुमचे पत्ते आतून कुणी बघत नाही ना, याची हमी त्यात नसते.

सप्टेंबर २००७ मध्ये ऍब्सोल्यूट पोकरवर पिसणं ठीकच होतं. 'पॉटरिपर' नावाच्या खात्याने एका स्पर्धेच्या शेवटच्या हातात, ना जोडी ना काही, नुसत्या दहाच्या पत्त्यावर ऑल-इनला (समोरच्याने सगळ्या चिप्स लावल्यावर) कॉल केला, म्हणजे तेवढ्याच लावल्या, आणि जिंकला. दुसऱ्या आलेल्या खेळाडूने आपली हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या डावांची नोंद, मागितली. कंपनीकडून जी फाइल आली तिच्यात फक्त त्याचे नाही, सगळ्यांचे झाकलेले पत्ते होते, शिवाय टेबल कोण बघत होतं त्याचीही नोंद. आतल्या एका खात्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते. पाठोपाठ अल्टिमेटबेटचंही असंच बाहेर आलं. तिथे कॅनडातल्या कानावाके गेमिंग कमिशन या नियामकाने कंपनीला १५ लाख डॉलर दंड केला. दोन्हीकडे पहिला संशय नियामकाला नाही, खेळाडूंना आला. हजारो हातांचा हिशोब मांडून त्यांनी दाखवलं की इतकं जिंकणं पत्ते बघितल्याशिवाय शक्य नाही.

यातून निवडीसाठी एक पक्की कसोटी मिळते. ऍप तुम्हाला तुमच्या सगळ्या हातांची हिस्टरी फाइल म्हणून उतरवून देतं का? नुसतं 'शेवटचे काही हात बघा' असं दाखवणं पुरेसं नाही. प्रत्येक हाताला क्रमांक हवा आणि त्या क्रमांकावर तक्रार नोंदवता यायला हवी.

बॉटचंही, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रामचंही, तसंच. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर नामांकित व्यावसायिकांना हरवलं, तेव्हा 'पोकर यंत्राला जमत नाही' हे म्हणणं संपलं. 'आमच्याकडे बॉट नाहीत' म्हणणाऱ्यापेक्षा 'गेल्या काळात इतकी खाती बंद केली, इतक्या खेळाडूंना भरपाई दिली' असं जाहीर करणाऱ्यावर माझा जास्त विश्वास.

क्लबवाली ऍपं आणि फोनमधल्या परवानग्या

एक प्रकार वेगळा ओळखून ठेवा. ऍप म्हणतं आम्ही फक्त खेळण्यातल्या चिप्स देतो. पैशाची देवघेव एजंट करतो, चॅटवरून. कंपनी हात झटकायला मोकळी, एजंट नंबर बदलायला मोकळा. यात तपासण्यासारखं काहीच नसतं, म्हणून मी यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

ऍप स्टोअरवर असेल तर तिथल्या नियमांचाही उपयोग होतो. खऱ्या पैशांच्या जुगाराच्या ऍपने स्टोअरची स्वतःची इन-ऍप खरेदी वापरायची नाही, असं गूगल आणि ऍपल दोघांचे नियम सांगतात. म्हणून ज्या ऍपमध्ये चिप्स तशा विकत मिळतात, तिथले 'जिंकलेले कोटी' बाहेर निघणार नाहीत, ते नुसतं मनोरंजन आहे. एपीके (स्टोअरबाहेरून ऍप बसवायची) फाइल पाठवून 'सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्या' म्हणणाऱ्यांना नाही म्हणा. पोकर ऍपने लोकेशन मागणं रास्त आहे, तुम्ही परवान्याच्या हद्दीत आहात का ते बघावं लागतं. ओळखपत्रासाठी कॅमेराही रास्त. मेसेज वाचणं, संपर्कयादी आणि ऍक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचण्याची-चालवण्याची मुभा) यांचं पोकरशी काहीही देणंघेणं नाही. त्यांचं देणंघेणं तुमच्या ओटीपीशी आहे.

बोनसबद्दल थोडक्यात: तो किती रेक भरल्यावर सुटतो आणि तोवर तुमचे स्वतःचे पैसे अडकतात का, एवढंच विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर नको.

शेवटी, डिपॉझिटच्या पानाआधी मर्यादेचं पान शोधा: रोज किंवा महिन्याला किती भरायचे याची मर्यादा, काही दिवसांचा विराम, स्वतःला कायमचं बाहेर ठेवण्याचा पर्याय. मर्यादा कमी केली की ती तत्काळ लागू व्हायला हवी आणि वाढवली की किमान २४ तास थांबायला लावायला हवं. दोन्ही लगेच होत असतील तर ती मर्यादा नावापुरती आहे. तुमची मर्यादा खरंच लावा. सुरक्षित ऍपवरही रेक कापला जातो, आणि रेक वजा जाता बहुतेक लोक हरतातच; माझ्या स्क्रीनवर विड्रॉल मागणारी नावं फिरून फिरून तीच असायची.

खेळायला लागल्यावर त्या संध्याकाळच्या टेबलांना पुरतील तेवढेच पैसे ऍपमध्ये ठेवा, बाकीचे काढत राहा, आणि प्रत्येक विड्रॉलच्या वेळा लिहायची सवय मोडू नका. तासात येणारे पैसे दोन दिवसांनी, मग आठवड्याने यायला लागले तर कारण पटण्याची वाट न बघता सगळी शिल्लक काढायला टाका. अडकले तर चॅटवर भांडू नका, ईमेलने लिहा: खात्याचं नाव, विनंतीचा क्रमांक, तारीख-वेळ, दिलेल्या कागदांची यादी आणि लेखी अंतिम उत्तराची मागणी. ते उत्तर किंवा उत्तर न मिळाल्याचा पुरावा हाती असला की कंपनीने नेमलेल्या तंटा सोडवणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे जाता येतं; ब्रिटनमध्ये अशी संस्था नेमणं कंपनीला सक्तीचं आहे. तिचं नाव अटींच्या पानावर असतं, ते पैसे भरण्याआधीच टिपून ठेवा.